धुवणाच्या पाण्यातली चांदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंद्रायणीवर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाची छायाचित्रे आपल्या दैनिकात दर काही महिन्यांनी येतात. ती यायलाच हवीत. पण फेस डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची बातमी होते. ज्याला फेस येत नाही, रंग नसतो आणि ज्याचा वास काही माणसांच्या नाकाला मुळातच कळत नाही, ते सायनाइड कॅमेऱ्यात सापडत नाही. त्याबद्दल आणि त्याच्यासोबत गटारात जाणाऱ्या धातूबद्दल मला लिहायचे आहे. पत्र लांबणार आहे, याची कल्पना आहे. शक्य असेल तर ते पूर्ण छापावे, ही विनंती.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉबवर्क प्लेटिंगच्या कारखान्यात २९ वर्षे केमिस्ट होते. आमच्याकडे मुख्य काम चांदीचे. दागिने नव्हेत, तर स्विचगिअरला, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांना, लागणारे तांब्या-पितळेचे कॉन्टॅक्ट आणि बसबारचे (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांचे) तुकडे. त्यांच्यावर काही मायक्रॉन चांदी चढवायची, म्हणजे जोड तापत नाही आणि वीज सुरळीत वाहते. शेजारच्या शेडमध्ये तांब्याचा सायनाइड बाथ, म्हणजे सायनाइडमध्ये धातू विरघळवलेल्या द्रावणाची टाकी, होता. जस्ताच्या ओतीव भागांवर पहिला पातळ थर त्यातच द्यावा लागे. चांदीच्या बाथची मूळ कृती १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी पेटंट केली होती. आज आपण वापरतो ती पाककृती थोड्याफार फरकाने तीच आहे. सायनाइड नको म्हणून पर्याय शोधले गेले, जस्ताच्या कामात ते यशस्वीही झाले, आणि जिथे ते चालतात तिथे सायनाइड बंदच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण चांदीत तसा गुळगुळीत आणि घट्ट बसणारा थर दुसऱ्या कशाने रोज खात्रीने मिळत नाही. म्हणून ते राहणार आहे, असे धरूनच बोलायला हवे.

बाथमधून जिग, म्हणजे तुकडे टांगलेली चौकट, वर उचलला की प्रत्येक तुकड्याला द्रवाची एक पातळ साय चिकटून येते. ती पुढच्या टाकीत धुतली जाते. आमच्या धंद्यात याला ड्रॅग-आउट म्हणतात. माझी आई तांदळाच्या पहिल्या पाण्याला धुवण म्हणायची आणि ते गाईला ठेवायची. मला ड्रॅग-आउटसाठी तोच शब्द बरा वाटतो, कारण फेकण्यासारखे ते काही नसतेच. लिटरमागे ३० ग्रॅम चांदी असलेल्या बाथमधून दिवसभरात जिगांना चिकटून एक लिटर द्रव बाहेर आला, तर रोज ३० ग्रॅम चांदी धुवणात जाते. महिन्याचे २५ दिवस धरले तर पाऊण किलो. आजच्या भावाने त्याचे किती होतात, ते वाचकांनी स्वतःच गुणून पाहावे.

आता त्याच एका लिटरमधले विष बघा. बाथमध्ये लिटरला साधारण ४० ग्रॅम मोकळे पोटॅशियम सायनाइड ठेवावे लागते, शिवाय चांदीला बांधलेले सायनाइड वेगळे. दोन्ही मिळून लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम सायनाइड होते. आपल्या देशात नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यातल्या सायनाइडची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. म्हणजे बाथचे एक लिटर पाणी त्या मर्यादेत बसवायचे तर सुमारे दीड लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. पाणी घालून पातळ करणे हा उपाय नव्हे, गुन्हा आहे. पण आकडा समजावा म्हणून सांगितले. माणसाचा जीव घ्यायला पोटॅशियम सायनाइडचे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम पुरतात, आणि मासे त्याहून फार लवकर मरतात. २००० सालच्या ३० जानेवारीला रुमानियातल्या बाया मारे इथे सोन्याच्या खाणीचा बांध फुटला. सायनाइड आणि तांबे असलेले पाणी टिसा नदीतून पुढे डॅन्यूबमध्ये गेले. एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. आमच्या गटारांचे प्रमाण त्यापुढे क्षुल्लक आहे, पण नदीला रोजचा थेंबही थेंबच असतो.

कारखाने या पाण्याचे काय करतात? बहुतेक ठिकाणी कास्टिक टाकून पाणी चांगले अल्कधर्मी करतात आणि हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सोडतात. नीट केले तर सायनाइडचे आधी सायनेट होते आणि मग सामू थोडा खाली आणल्यावर नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन ते संपते. पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. तिला मी नावे ठेवत नाही. पण तिचे दोन दोष मी रोज पाहिले आहेत. एक, धातू वाचत नाही. चांदी क्लोराइड होऊन आणि तांबे हायड्रॉक्साइड होऊन गाळात बसते, आणि तो गाळ पैसे मोजून रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाकडे पाठवावा लागतो. चांदी विकत घ्यायची आणि ती पुरायलाही पैसे द्यायचे! दुसरा दोष असा की लोखंडाशी बांधलेले सायनाइड हायपोला दाद देत नाही. जिगवरून सुटलेला एखादा लोखंडी बोल्ट बाथच्या तळाशी महिनाभर पडून राहिला की फेरोसायनाइड तयार होते, ते हायपोतून जसेच्या तसे पुढे निघून जाते आणि मग चाचणीचा अहवाल का बिघडला, हे कोणाला कळत नाही. आमच्याकडे असे दोनदा झाले. तेव्हापासून मी दर शनिवारी बाथमधून लोहचुंबक फिरवायला लावत असे.

यावर जे उत्तर आहे ते आयन-विनिमय रेझिन. नाव मोठे आहे, वस्तू साधी. राजगिऱ्याएवढे मधाच्या रंगाचे दाणे. प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर धनभार कायमचे बसवलेले असतात आणि त्यांच्याजवळ क्लोराइड सैल बसलेले असते. धातू म्हटला की धनभार, असे आपण शाळेत शिकतो. पण सायनाइडच्या पाण्यातली चांदी एकटी नसते. दोन सायनाइडच्या मधोमध बसून ती ऋणभार घेऊन फिरते. सोन्याचेही तसेच. तांब्याला तीन सायनाइड धरतात, जस्ताला आणि निकेलला चार. ही सगळी ऋणभाराची कुटुंबे दाण्यांजवळून गेली की क्लोराइडला बाजूला सारून जागा पकडतात, आणि मोकळ्या सायनाइडपेक्षा कितीतरी घट्ट पकडतात. सोने तर इतके घट्ट बसते की साध्या कास्टिकने वा मिठाने सुटतच नाही. उझबेकिस्तानातल्या मुरुनताऊ खाणीत सोने असेच रेझिनवर पकडून आम्लातल्या थायोयुरियाने सोडवतात. प्लेटिंगवाले मात्र बहुधा भरलेले रेझिनच शुद्धीकरण करणाऱ्याकडे जाळायला देतात.

हे दाणे परदेशातून आणावे लागतात अशी काहींची समजूत आहे. ती चुकीची आहे. पुण्याची थरमॅक्स ते टुल्सिऑन नावाने आणि मुंबईची आयन एक्स्चेंज इंडिया इंडिऑन नावाने किती तरी वर्षे बनवते. घराघरांतल्या बोअरच्या पाण्याचे सॉफ्टनर त्याच भावकीतले. वस्तू आपल्या अंगणात आहे.

आमच्याकडे ती आली कशी, ते सांगायला हवे, कारण त्यात चूक झाली होती आणि ती चूक आजही होताना मी पाहते. मालकांनी एका पुरवठादाराकडून जुना डीएम प्लांट, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा संच, घेतला. पहिला कॉलम, म्हणजे रेझिन भरलेला उभा नळा, कॅटायनचा (धनभार पकडणारा), आम्लाने चार्ज केलेला, दुसरा अनायनचा (ऋणभार पकडणारा). पिण्याच्या किंवा बॉयलरच्या पाण्याला ही रांग बरोबर. सायनाइडच्या धुवणाला ती जीवघेणी. आम्लाच्या कॉलममधून पाणी गेले की सायनाइडचा हायड्रोजन सायनाइड वायू होतो. तो २६ अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्या एप्रिलमध्ये तो पाण्यात राहायलाच तयार नसतो. चालू केल्यावर वीस मिनिटांत ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, घसा धरल्यासारखा होतोय." मी पंप बंद करायला लावला, सगळ्यांना अंगणात काढले आणि भिंतीवरच्या पेटीतली सायनाइडवरच्या उताऱ्याची, अमाइल नायट्राइटची, कुपी हातात घेऊन त्याच्याशेजारी बसून राहिले. वापरावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलम उघडला तर वरचा थर पांढरा झालेला, चांदीच्या सायनाइडने गच्च. पुरवठादाराने हात वर केले. त्या दिवसानंतर मी ठरवले की या विषयातले प्रत्येक पाऊल आपण स्वतः समजून टाकायचे.

मग आम्ही जे केले ते असे. आधी फुकटचे उपाय. जिग वर काढल्यावर बाथच्या वरच दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. कामगारांना पीसरेटमुळे घाई असते, म्हणून मालकांना सांगून मी त्या दहा सेकंदांचे पैसे दरात धरून घेतले. नाही तर कोणी थांबत नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्यानंतर वाहत्या पाण्याऐवजी एक साचलेल्या पाण्याची टाकी. तांब्याचा बाथ गरम असतो, त्यातले पाणी उडते, म्हणून या टाकीतले पाणी परत बाथमध्ये घालता येते. चांदीचा बाथ थंड, त्यात जागा होत नाही. म्हणून तिथे टाकीतच स्टीलचा पत्रा कॅथोड म्हणून लावून छोट्या रेक्टिफायरच्या डीसी विजेवर चांदी उतरवायची. पत्र्यावरून ती सोलून निघते. आणि या सगळ्यातून निसटून जे वाहत्या धुवणात जाते, लिटरला काही मिलिग्रॅम, त्याच्यासाठी रेझिन. काही जण बाथचेच पाणी रेझिनवर सोडतात आणि चार दिवसांत कॉलम भरला म्हणून रेझिनला शिव्या देतात. विरळ पाण्यातले वेचणे हे त्याचे काम. घट्ट पाण्याला पत्रा आहे.

फक्त अनायनचे दोन कॉलम, एकामागे एक, पंचवीस पंचवीस लिटरचे. आधी गाळणी. धुवायला सॉफ्टनरचेच पाणी, कारण भोसरीच्या बोअरच्या पाण्यातला चुना अल्कधर्मी धुवणात खाली बसतो आणि दाण्यांचा दगड करतो. पहिल्या कॉलममधून बाहेर पडणारे पाणी रोज सकाळी परीक्षानळीत घ्यायचे, सोडियम सल्फाइडचे दोन थेंब टाकायचे. तपकिरी झाक दिसली की पहिला भरला. तो काढायचा, मागचा पुढे आणायचा, नवा मागे लावायचा. कागदावर एक लिटर रेझिन १४० ग्रॅम चांदी धरू शकते. आम्हाला निम्मीही मिळत नसे, कारण बाथमध्ये वर्षानुवर्षे साठलेला कार्बोनेट आणि ते मघाचे फेरोसायनाइड जागा अडवतात. तरीही तपकिरी झाक यायच्या आतल्या पाण्यात प्रयोगशाळेला चांदी जवळजवळ सापडत नसे. मोकळे सायनाइड मात्र बरेचसे आरपार जाते. त्याला हायपो लागतोच. पण आता तो कमी लागतो आणि गाळात चांदी नसते.

आणि इथे माझी खरी तक्रार सुरू होते.

पहिला कॉलम भरला तेव्हा आम्ही आनंदाने शुद्धीकरण करणाऱ्यांना फोन लावले. पंचवीस लिटर ओल्या रेझिनसाठी कोणी भट्टी पेटवायला तयार होईना. कमीत कमी इतके शे लिटर आणा, म्हणाले. दुसरीकडे, विषारी धातू असलेले वापरलेले रेझिन घातक कचऱ्याच्या यादीत स्वतंत्रपणे नोंदलेले आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आवारात ९० दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. लहान उत्पादकांना प्रदूषण नियंत्रण मंडळ १८० दिवसांपर्यंत मुभा देऊ शकते. कॉलम भरायला लागतात सात-आठ महिने. भट्टीवाल्याला हवा तेवढा साठा व्हायला तीन वर्षे. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. घातक वस्तू साठून राहू नये, हे योग्यच. पण नियम आणि भट्टी यांच्या मधल्या जागेत आमचे पिंप अडकले. आम्ही ते रीतसर परवानगी काढून, मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा नोंदीचा कागद, भरून, दुसऱ्या दोन कारखान्यांच्या पिंपांबरोबर पाठवले. ते जमायला मालकांच्या टेबलावर चार महिने कागद फिरले. ज्यांना ते जमले नाही त्यांनी काय केले, तेही मला माहीत आहे. रात्री पत्र्याच्या पिंपात डिझेल टाकून रेझिन जाळलेले मी पाहिले आहे. सायनाइड बसलेले प्लॅस्टिक उघड्यावर जाळणे म्हणजे काय, हे त्या मुलांना कोणी सांगितले नव्हते. राखेतल्या चांदीसाठी ती मुले धुरात वाकून उभी होती.

माझे लहानपण रविवार पेठेत गेले. वडील एका सराफाकडे कारागीर होते. दुकानातली झाडलोट, मुशीची माती, अगदी हात धुतलेले पाणीसुद्धा एका पिंपात जमा होई आणि ठरलेल्या दिवशी झारेकरी येई. ती बाई गल्लीतल्या पंधरा-वीस दुकानांची झाडलोट एकत्र घेई, घरी नेऊन धुई, पारा लावी, आणि त्यातून सोने काढी. एकट्या दुकानाच्या मातीत तिला परवडले नसते. तिच्या पाऱ्याचे समर्थन मी करणार नाही, तिचे हात मला आठवतात. पण तिची व्यवस्था पक्की होती. दुकानदाराने फक्त वेचायचे, काढण्याचे काम एका जाणत्या ठिकाणी. प्रत्येक सोनाराने घरोघर भट्टी लावावी, असे कोणाला सुचले नव्हते.

आमच्या औद्योगिक वसाहतींना झारेकरीच नाही. बाहेरच्या देशांत हे काम गॅसच्या सिलिंडरसारखे चालते. कारखान्यात बंद डबा बसवायचा, भरला की नेणारे नेतात, धुतलेला दुसरा देऊन जातात. दाणे सोडवायचे, जाळायचे, चांदी तोलायची, उरलेल्या सायनाइडचा निकाल लावायचा, हे सगळे एका ठिकाणी, धूर धुणारी यंत्रणा असलेल्या आणि केमिस्ट असलेल्या केंद्रात. मालकाला चांदीचे पैसे तपासणीच्या आकड्यावर मिळतात. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी पट्ट्यात लहान प्लेटिंगवाल्यांची इतकी दाटी आहे की असे एक केंद्र कामाविना राहणार नाही. चांदी आणि सोने त्याचा खर्च भागवतील, आणि त्याच गाडीतून तांब्याचे रेझिनही येऊ शकेल, जे एकटे कोणालाच परवडत नाही. तांब्याला जाळायची गरजही नाही. जास्तीचे सायनाइड असलेल्या द्रावणाने तांब्याला चौथा सायनाइड मिळतो, त्या रूपात ते रेझिनवरची पकड सोडते आणि द्रावण पुन्हा बाथच्या कामी येते. पण हे काम कारखान्यातल्या ऑपरेटरने करायचे नाही. चुकून आम्ल लागले तर काय होते, ते मी वर लिहिले आहे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि एमआयडीसी यांच्याकडे माझे मागणे म्हणून एवढेच आहे. रेझिनच्या डब्यांची अदलाबदल हा एक वेगळा, सोपा परवाना करावा. त्यात डब्याला क्रमांक असावा, नेणारा नोंदलेला असावा आणि प्रत्येक फेरीचा मॅनिफेस्ट असावा, पण पंचवीस लिटरसाठी चार महिने लागू नयेत. केंद्रासाठी जागा वसाहतीतच द्यावी. कारखान्यांना संमतिपत्र देताना फक्त बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अहवाल न मागता, बाथसाठी किती चांदी-तांबे घेतले, मालावर किती चढले आणि गाळात किती गेले, याचा ताळेबंदही मागावा. अहवालासाठी एका दिवसाचे पाणी स्वच्छ करता येते. ताळेबंद वर्षाचा असतो, त्यात गळती लपत नाही. मी २९ वर्षे तो ठेवला. मालक पहिल्या वर्षी चिडले होते. तिसऱ्या वर्षी ते स्वतःच दर महिन्याच्या पाच तारखेला वही मागायला लागले.

प्लेटिंगच्या कामावरच्या मुलांसाठीही एक मागणे आहे. आम्लाची आणि सायनाइडची गटारे वेगळी ठेवावीत, इतके साधे काम अनेक शेडमध्ये झालेले नाही. पावसाळ्यात पिकलिंगची, म्हणजे धातू आम्लात साफ करायची, टाकी भरून वाहिली आणि ते पाणी शेजारच्या सायनाइडच्या चरात उतरले, असा प्रसंग माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी घडला आहे. सुदैवाने रविवार होता. या दोन चरांमधली एक वीट रचायला कुठले तंत्रज्ञान लागत नाही. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी ती वीट पाहावी, मग कागद.

निवृत्त झाल्यावर मी माझ्या नोंदवह्या घरी आणल्या. त्यात कॉलमचे रोजचे वाचन, सल्फाइडच्या चाचण्या, शुद्धीकरणातून परत आलेली चांदी, सगळे आहे, शाईने लिहिलेले. वसाहतीतल्या कोणत्याही लहान कारखान्याला धुवणाचा कॉलम बसवायचा असेल तर मी शनिवारी सकाळी येऊन तो कसा लावायचा आणि मुख्य म्हणजे कसा लावायचा नाही, ते दाखवीन. मानधन नको. चहा आणि सेफ्टी गॉगल पुरे. आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता दिला आहे. ज्यांना हवा त्यांना तो जरूर द्यावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्लेटिंग केमिस्ट,
भोसरी, पुणे